पुजलेलं चाक

"ताम्हनात रॉकेल कसं आलं, आई?"

हेमलताने ताम्हन नाकाशी नेलं, लांब धरलं आणि पुन्हा नाकाशी नेलं. खंडेनवमीची सकाळ होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात विळी, कात्री, पाने-पक्कड, नातीची कॉलेजची पुस्तकं अशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. मधोमध भिंतीला टेकवून सायकलचं एक चाक उभं होतं, टायर काढलेलं, उघडंबोडकं. त्याच्यासमोर कुमुदबाई शेंदूर कालवत बसल्या होत्या.

"स्टोव्ह भरताना हात लागला असेल," त्या म्हणाल्या.

"स्टोव्ह मी भरला. सकाळीच."

"मग तुझाच हात लागला असेल."

हेमलता गप्प बसली. पण ते गप्प बसणं पटल्याचं नव्हतं, हे कुमुदबाईंना पाठीतूनसुद्धा कळलं. सून सरकारी हापिसात बसणारी. तिथे बायका बोलतात कमी आणि बघतात जास्त. त्यांनी कापसाची वात शेंदरात बुडवली आणि रिमवर जिथे एकेक स्पोक शिरतो, त्या प्रत्येक भोकाभोवती ती फिरवू लागल्या. गंधाचं एक बोट लावून मोकळं व्हायची पद्धत. विळीला लावलं होतं एक बोट, कात्रीलाही एकच. चाकाला मात्र भोकाभोकाशी.

"चाकाचे इतके लाड?" हेमलताने विचारलं.

"नातीचा जीव विळीवर बसणार नाहीये रविवारी."

रविवारी धौला कुआँपासून मानेसरपर्यंत जाऊन परत यायची शर्यत होती, आणि तिच्यातून दिल्लीच्या संघात मुली निवडल्या जाणार होत्या. एशियाड वर्षावर येऊन ठेपलं होतं, शहरभर खोदून ठेवलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी खेळ होते. वृंदा पहाटे उठून पालमपर्यंत सायकल हाणत होती आणि घरात जिन्यावरून उतरतानाही दात-ओठ खात होती.

कुमुदबाईंची शाळा दुसरीत सुटली. बळवंतरावांचा हात धरून त्या फरीदाबादला आल्या तेव्हा त्यांना हिंदीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. नवरा सायकलच्या रिमा बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. तो अचानक गेला, तेव्हा मालकाने दया म्हणून बाईला तपासणीच्या टेबलावर बसवलं, आणि वर्षभरात दया कोण कोणावर करतंय ते मालकालाच कळेना. रिम अंगठ्यावर घ्यायची, फिरवायची, भोकन् भोक बघायचं. ताण जास्त झाला की भोक आधी कळकट पांढरं पडतं. कुमुदबाई म्हणायच्या, रिमला घाम फुटला. मग भोकाची कड पुरळासारखी वर येते. आणि मग एक दिवस तिथून केस निघतो, केसाएवढीच बारीक चीर. हाताला लागत नाही आणि डोळ्यात तेल घालून बघितल्याशिवाय दिसत नाही. त्या केसावर माणूस बसतो, खड्डा येतो, आणि स्पोक भोकासकट उपटून बाहेर येतो.

त्या टेबलाच्या पगारावर श्रीरंग बी. ए. झाला, मंत्रालयात चिकटला, त्याला क्वार्टर मिळालं. कुमुदबाई कारखाना सोडून लेकाकडे आल्या, पण तिथलं स्टूल बरोबर घेऊन आल्या. सेक्टरातला सायकल क्लब भालचंद्र चालवायचा. तो बळवंतरावांच्या मित्राचा मुलगा. त्याने मावशींची कीर्ती ऐकली होती. तेव्हापासून रिवाजच पडला. शर्यतीच्या आधी पोरंपोरी आपापली चाकं घेऊन मागच्या व्हरांड्यात यायची, कुमुदबाई स्टुलावर बसायच्या, चाक फिरवायच्या आणि म्हणायच्या, "चालेल." किंवा म्हणायच्या, "फेक." फेकलेल्या रिमांवर त्यांच्या कारल्याचा वेल चढला होता, एकीवर कपडे वाळत होते, आणि सबंध सेक्टरात त्या शब्दाला अपील नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात त्यांनी एक चाक "चालेल" म्हणून दिलं, आणि पालमच्या रस्त्यावर ते भोकापाशी फाटलं. पोराचा गुडघा सोलवटला, दात वाचले. कुमुदबाईंनी खड्ड्याला शिव्या घातल्या, नगरपालिकेला घातल्या, पोराच्या बसण्याच्या पद्धतीलाही घातल्या. पण भालचंद्र आता वृंदासाठी स्वतःचं चाक घेऊन आला, तेव्हा जाताना दारात थांबून म्हणाला होता, "यंदाचं एवढं बघून ठेवा, मावशी. पुढच्या वर्षीपासून तुम्हाला त्रास नको. झंडेवालानला एक मिस्त्री आहे, त्याच्याकडेच पाठवत जाऊ."

किती आदराने म्हणाला. शिवी दिली असती तर परवडली असती.

आणि यातलं खरं कारण कुमुदबाईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं. वर्ष-दीड वर्ष डोळ्यांपुढे दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. माणसं ओळखू यायची, तांदूळ बोटांनी निवडता यायचे, चाकाचं आउट, म्हणजे वाकडेपण, स्पोक छेडून कानाने काढता यायचं. पण केस दिसत नव्हता. हे कळलं असतं तर श्रीरंगने त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं, आणि मग हेमलता हात धरून त्यांना संडासापर्यंत नेणार आणि शेजारणी दारात उभ्या राहून "बेचारी" म्हणणार. कुमुदबाई फरीदाबादच्या फाटकातून कधी बेचारी म्हणून आत गेल्या नव्हत्या. आताही जाणार नव्हत्या.

म्हणून रॉकेल. कारखान्यात जोडकामाला आतून रॉकेल लावायचे, बाहेरून खडूची पूड मारायचे. चीर असेल तर रॉकेल झिरपून पूड भिजायची. कुमुदबाईंनी त्यात स्वतःच्या डोक्याने शेंदूर घातला. पांढऱ्यावर लाल असेल तर सायीतूनही दिसेल, असा हिशेब.

दुपारी भालचंद्र स्कूटरवरून आलाच. "मावशी, झालं का बघून? वृंदाला आज तासभर फिरवू दे त्याच्यावर. सवय व्हायला हवी."

"पुजलंय," कुमुदबाई म्हणाल्या.

"अं?"

"खंडेनवमीचं पुजलंय. उद्या सोनं लुटल्याशिवाय हत्यार हलवत नाहीत. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

भालचंद्र दिल्लीत वाढलेला, पंजाबी मित्रांत हसणारा-खिदळणारा माणूस, पण पुजलेल्या चाकाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. वृंदा मात्र आतून बाहेर आली. "आजी, एका दिवसाने क्या फरक पडता है, यार."

"यार कोणाला म्हणतेस?"

"सॉरी. पण आजी, नुसतं पुसून परत लावू ना शेंदूर."

"देवाला उद्यापर्यंत बस म्हणायचं आणि आज उठवायचं. बस खाली."

शेंदूर रात्रभर भोकांशी तसाच राहिला. कुमुदबाईंना तेच हवं होतं. देवाचं देवाला पोचलं आणि रॉकेलला मुरायला वेळ मिळाला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी श्रीरंग कचनाराची पानं घेऊन आला. दिल्लीत आपटा मिळत नाही. पण कचनाराचं पान तस्संच दुभंगलेलं, आणि इथल्या मराठी घरांनी त्यालाच कधीचं सोनं करून टाकलंय. भालचंद्र आला, पान देऊन पाया पडला. कुमुदबाईंनी पान डोळ्यांना लावलं, स्टूल उन्हात घ्यायला सांगितलं आणि चाक मांडीवर घेतलं.

"हेमा, फडकं आण. कोरडं. आणि पूस."

हेमलताने पुसायला सुरुवात केली. भालचंद्र खांबाला टेकून उभा होता, वृंदा नखं खात होती. कुमुदबाई चाक हळूहळू फिरवत होत्या आणि अगदी जाणतेपणाने मान तिरकी करून बघत होत्या. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की एक चांदीचा लोळ उन्हात गरगरतोय. लाल कुठे नव्हतंच. सगळं पुसलं गेलं होतं, किंवा त्यांनाच दिसत नव्हतं, आणि या दोहोंतलं कुठलं, हे कळायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. आता "चालेल" म्हणावं तर नातीचा जीव. "फेक" म्हणावं तर कशाच्या बळावर?

फडकं थांबलं.

हेमलताचा हात रिमवर तसाच राहिला. ती सासूच्या तोंडाकडे बघत असावी. कुमुदबाईंनी नजर ठेवली चाकावर, पण कुठे ठेवायची ते ठाऊक नसल्यामुळे ती ठेवली गेली भलत्याच भोकावर. हे त्यांना कळलं नाही. हेमलताला कळलं.



"आई," हेमलता जरा मोठ्याने म्हणाली, "तुम्ही काल म्हणत होतात ना, हवा भरायच्या भोकाच्या बरोब्बर समोरचं. ते हेच ना?"

काल कुमुदबाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

"दुसरं कुठलं असणार," त्या म्हणाल्या. आवाज जागच्या जागी होता. "भालचंद्रा, ये. बघ तुझं चाक."

भालचंद्र वाकला. बराच वेळ वाकून राहिला. भोकाच्या कडेपासून रिमच्या लांबीला धरून लाल रेघ गेली होती, डोक्यावरून गळून पडलेल्या केसाएवढी.

"मावशी, हा ओरखडा आहे," तो म्हणाला. "पॉलिशचा. त्यात शेंदूर अडकलाय. इटलीची रिम आहे ही, अशी तशी जात नाही."

"असेल ओरखडा."

"म्हणजे चालेल?"

"ओरखडा एकदाच रडतो. पुसला की संपला. चिरेच्या पोटात असतं ते वर येत राहतं." कुमुदबाईंनी हेमलताच्या हातातून फडकं घेतलं आणि बोटाने भोक चाचपून, तिथे स्वतः पुसलं. अगदी घासून पुसलं. "गेली रेघ?"

"गेली," भालचंद्र म्हणाला.

"वृंदा, रांगोळीचा डबा."

चिमटीतून रांगोळी सोडायला डोळे लागत नाहीत. चाळीस वर्षं दारापुढे सोडलेली चिमूट. भोकाभोवती पातळ पांढरा थर बसला. कुमुदबाईंनी चाक उन्हाकडे केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. लांब कुठेतरी रामलीलेच्या मैदानात रावणाच्या पोटात फटाके भरत असावेत, एखादा मधूनच फुटत होता. भालचंद्र घड्याळ बघत होता. वृंदाने एकदा "आजी" म्हटलं आणि आईने तिच्याकडे बघितलं तशी ती गप्प झाली.

मग कुमुदबाईंनी नखाने समोरच्या भोकातला स्पोक छेडला. त्याच्या शेजारचा छेडला. पुन्हा पहिला. शेजारचा खणखणीत बोलला. पहिला ढिला, भांड्यात चमचा पडल्यासारखा.

"ऐकलंस? रिम त्याला धरत नाहीये."

भालचंद्र रांगोळीकडे बघत होता. पांढऱ्यातून लाल वर येत होतं. आधी भोकाच्या कडेला ठिपका, मग ठिपक्याची रेघ, अगदी तिथेच, तेवढीच.

कुमुदबाईंनी मान पुढे केली. उन्हात, पांढऱ्यावर, सायीच्या पलीकडे, पुसटशी, पण होती. लाल होती. त्यांना दिसली.

"फेक," त्या म्हणाल्या.

भालचंद्र पायरीवर बसला. चाक त्याने मांडीवर ओढून घेतलं आणि रांगोळी न विस्कटता वरच्या कडेवरून हात फिरवला. "याच चाकावर मी तीन वेळा जिंकलोय, मावशी. म्हणून तिला दिलं होतं."

कुमुदबाईंच्या जिभेवर झंडेवालानच्या मिस्त्रीबद्दल एक वाक्य तयार होतं. चांगलं धार लावलेलं. त्यांनी ते गिळलं. "तू वाईट दिलंस असं कोण म्हणतंय? चाक म्हातारं झालं. त्यात लाज कसली? सांगितलं नाही आणि तसंच पळत राहिलं, तर ती लाज."

बोलून झाल्यावर त्यांना हेमलताची शांतता ऐकू आली. कालच्यासारखीच. पण आता तिच्यात हसू होतं.

"आई," भालचंद्र गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्ता काय म्हणालात ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"मग रविवार झाला की जाऊ दवाखान्यात?"

"रविवार होऊ दे," कुमुदबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "श्रीरंगला मी सांगेन. तू नाही."

"मी कशाला सांगू," हेमलता म्हणाली. "मला काय माहीत?"

आता प्रश्न होता चाकाचा. कुमुदबाईंनी पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेलं चाक बाहेर ओढलं. पोलादी रिम, फरीदाबादची, स्वतः निवडलेली, स्पोक स्वतः विणलेले. वृंदाने ते उचललं आणि तिचं तोंड उतरलं.

"आजी, हे किती भारी आहे. बाकीच्या मुली माझ्या पुढून उडून जातील."

"जाऊ दे. मानेसरपर्यंत जायचंय, चंद्रावर नाही. उडणाऱ्या कुठे उतरतात ते वाटेत बघत जा."

दोन दिवस वृंदा फुरंगटून त्या चाकावर पालमला जात राहिली. शनिवारी म्हणाली, "आजी, खड्ड्यात घातलं ना, तरी हँडल हलत नाही." आणि उगाचच तिच्या गळ्यात पडली.

रविवारी धौला कुआँला उजाडताना भालचंद्र स्कूटरला बांधून स्टूल घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते रस्त्याच्या कडेला, शर्यत संपायच्या चुन्याच्या रेघेपाशी मांडलं आणि मावशींना बसवलं. बिल्ला लावलेला एक जण धावत आला.

"माताजी, यहाँ नहीं बैठना. पीछे हटिए."

"तू हट," कुमुदबाई म्हणाल्या. "मेरा चाक आ रहा है."

बिल्लेवाल्याने भालचंद्रकडे बघितलं. भालचंद्र आकाशाकडे बघत होता. बिल्लेवाला हटला.

मुली गेल्या त्याला बराच वेळ झाला होता. ऊन वर आलं, श्रीरंगने थर्मासमधला चहा सगळ्यांना पाजला. मग गुडगावच्या बाजूने धूळ दिसली म्हणे. लोक टाचा उंचावून बघू लागले. "दो हैं, दो हैं," कोणीतरी ओरडलं. "नहीं, तीन." कुमुदबाईंना रस्ता म्हणजे एक करडा पट्टा दिसत होता आणि त्याच्या शेवटी ऊन. त्यांनी डोळे मिटून घेतले.

हलक्या चाकांचा आवाज त्यांना माहीत होता. सुरीला धार लावल्यासारखा, सरसर. तो येत होता. त्याच्याखालून आणखी एक आवाज येत होता. जड, भरीव, एकसारखा. जात्याला चांगला दाणा लागला की येतो तसा. एकही स्पोक ढिला नाही, एकही कुरकुरत नाही. मानेसरच्या वाटेवरचे खड्डे, खडी, बसगाड्यांनी उखडलेला काठ हे सगळं खाऊन ते चाक परत येत होतं आणि त्याचा सूर बदलला नव्हता.

आणि तो सूर पुढे होता.

कुमुदबाई स्टुलावरून उठल्या. बाकीच्यांना अजून कोण पुढे आहे ते ओळखू येत नव्हतं. श्रीरंग म्हणत होता, पिवळी बनियन आहे, की निळी? हेमलताने सासूच्या उठण्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"आपलीच?" तिने विचारलं.

"दुसरी कोणाची," कुमुदबाई म्हणाल्या.

वृंदा रेघेवरून गेली तेव्हा तिच्या अंगाच्या वाऱ्याने त्यांच्या पदराचं टोक उडालं. पाठोपाठ सरसर करत दुसरी आली, पण ती पाठोपाठ. भालचंद्र टोपी हवेत फेकून वेड्यासारखा धावत सुटला. कुमुदबाई पुन्हा खाली बसल्या, पदर सारखा केला आणि बिल्लेवाल्याला खुणेने बोलावलं.

"अब लिखो," त्या म्हणाल्या. "वृंदा श्रीरंग. ठीक से लिखना."

दिवाळीनंतर त्यांचे मोतीबिंदू काढले, आधी एक, मग दुसरा. दवाखान्यात आठ दिवस पट्टी बांधून पडल्या होत्या तेव्हा हेमलता रजा काढून जवळ बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने "बेचारी" म्हटलं, तेव्हा कुमुदबाईंनी पट्टीखालून तिला जे सुनावलं ते हेमलताने नंतर हापिसात सांगून सांगून सगळ्यांना पाठ करून सोडलं.

जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी भालचंद्र सकाळीच हजर होता. हातात ते चाक होतं. स्पोक काढून टाकलेली नुसती रिम. "वेलासाठी आणलीय, मावशी," तो म्हणाला. "कारल्याला उपयोगी पडेल. आणि मार्चमध्ये नव्या पोरांची चाकं घेऊन येतो. सतरा आहेत."

"झंडेवालानचा मिस्त्री मेला काय?"

"जिवंत आहे. पण तो शेंदूर लावत नाही."

कुमुदबाईंनी चष्मा नाकावर ठेवला. भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे झाले, घुबडासारखे, आणि वृंदा हसू दाबायला आत पळाली. त्यांनी रिम उन्हात धरली. हवेचं भोक सापडलं. त्याच्या बरोब्बर समोरचं भोक सापडलं. तिथे, शेंदराचा मागमूस नसताना, राखेच्या रंगाची ती चीर होती. त्या तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. कारखान्यात असत्या तर अशी रिम बघायला अर्धा श्वाससुद्धा लागला नसता.

मग त्यांनी रिम थोडी पुढे सरकवली आणि थांबल्या. शेजारच्या भोकाला कड आली होती, पुरळासारखी. आणि त्या कडेतून नुकताच निघू पाहणारा आणखी एक केस. तांदळाच्या कणीएवढासुद्धा नाही. त्याला रॉकेल पोचलं नव्हतं, रांगोळीने तो दाखवला नव्हता, आणि दसऱ्याच्या दिवशी व्हरांड्यातल्या चारही माणसांना तो दिसला नव्हता.

"ही चीरसुद्धा मी तेव्हाच धरली होती," कुमुदबाई म्हणाल्या.

हेमलता पुढे झाली, वाकून बघितलं. चष्म्यामागच्या त्या मोठ्या डोळ्यांत बघितलं.

"हो," ती म्हणाली. "धरली होतीत."

आणि तिने रिम घेतली, कारल्याच्या मांडवापाशी नेली आणि वेलाचं कोवळं टोक त्या दोन भोकांतून ओवून वर वळवलं.